सर्व्हर 'ओके' म्हणाला, टेबल मात्र दुसरंच बनलं : लातूरच्या एका आडत दुकानातलं प्रकरण

लातूरच्या बाजारातल्या एका आडत दुकानात सोयाबीनच्या हंगामात हिशोब जुळेनासा झाला. काट्याच्या वहीत दिवसाची जेवढी आवक होती, त्यापेक्षा कॉम्प्युटरमध्ये जास्त दिसायची. काही शेतकऱ्यांच्या खात्यातून एकच उचल दोनदा वळती झालेली होती. औसा तालुक्यातले एक काका छापील पट्टी घेऊन थेट गादीसमोर येऊन बसले. "मालक, उचल एकदाच घेतली अन् कापली दोनदा. कागद हाय माझ्याकडं." कागद खरा होता. कॉम्प्युटरमधल्या दोन नोंदीही होत्या.

अशा वेळी संशय माणसावरच जातो. इथे तो कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीवर गेला. नोंदी तीच करायची, पट्टी रद्द तीच करायची, पासवर्डही तिच्याकडेच. मुनीमकाका तिच्या बाजूने होते, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. मालकांनी मला बोलावलं ते 'कोणी काय केलं ते शोधा' म्हणून. मी डेटाबेस सांभाळण्याची कामं करतो. या प्रकरणात कोणी काहीच केलेलं नव्हतं, आणि ते सिद्ध करायला सात-आठ वर्षं मागे, टेबलं (डेटाबेसमधले नोंदींचे तक्ते) तयार झाली त्या दिवसापर्यंत जावं लागलं. दुकानाचं आणि माणसांचं नाव देत नाही. तांत्रिक बाजू मात्र पूर्ण मांडतो, कारण मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणारी अशी जुनी सॉफ्टवेअरं मराठवाड्यातल्या मोंढ्यांमध्ये, पतसंस्थांमध्ये, कृषी सेवा केंद्रांत आजही रोज वापरात आहेत.

पट्टी कशी बनते ते आधी सांगतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर जातो, कट्ट्यांची वजनं लिहिली जातात, बारदाना वजा होतो, सौद्याचा भाव लागतो, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल कापली जाते आणि उरलेली रक्कम खात्यात जमा होते. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी चार टेबलांत लागोपाठ नोंदी होतात : वजनं, पट्टी, वळती आणि शेवटी खातं. या चारही एकत्र व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, म्हणून प्रोग्रामरने त्या ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या होत्या. पट्टी रद्द करताना तो फक्त पट्टीची ओळ पुसायचा. तिच्याखालची वजनं आणि वळती आपोआप जावीत म्हणून फॉरेन कीला (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीशी बांधणाऱ्या नियमाला) 'ऑन डिलीट कॅस्केड' लावलं होतं. रचना चांगली होती, आजही मी तशीच करीन.

प्रोग्रामर मूळचा लातूरचाच, आता हैदराबादला नोकरीला. फोनवर तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता : "दादा, मी ट्रान्झॅक्शन लावलंय. अर्धी पट्टी राहूच शकत नाही." त्याचा कोड मी वाचला. त्यात खोट नव्हती. तरीही समोर अर्ध्या पट्ट्या पडलेल्या होत्या.

पाणी कुठे मुरतंय ते त्या मुलीच्याच एका वाक्यातून कळलं. दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. परत सुरू झाल्यावर तिने सवयीने एक खिडकी उघडली आणि मला म्हणाली, "सर, लाईट गेली की टेबल क्रॅश झालं म्हणून येतं. मग मी रिपेअर मारते, लगेच चालू होतं."

मायएसक्यूएलमध्ये टेबल प्रत्यक्ष साठवण्याचं काम इंजिन नावाचा भाग करतो. इनोडीबी आणि मायआयसॅम ही त्यातली दोन. रिपेअर टेबल ही आज्ञा इनोडीबी इंजिनवर चालतच नाही. या टेबलाचं इंजिन दुरुस्तीची सोय देत नाही, एवढंच उत्तर येतं. रिपेअर चालतं ते मायआयसॅमवर. म्हणजे ज्या टेबलांना प्रोग्रामर इनोडीबी समजत होता, ती इनोडीबी नव्हतीच. डेटा फोल्डर उघडला तर वळतीच्या टेबलाच्या नावाने एमवायडी आणि एमवायआय अशा दोन फायली होत्या. एकात डेटा, दुसऱ्यात इंडेक्स. ही मायआयसॅमची ठरलेली खूण आहे. इनोडीबीचं टेबल स्वतःच्या फायलीत असेल तर तिथे आयबीडी दिसतं.

मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन कळत नाही. त्यावर 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' दिलं तर सर्व्हर ओके म्हणतो, 'कमिट' (सगळं पक्कं कर) दिलं तरी ओके म्हणतो, पण प्रत्येक नोंद त्या त्या क्षणी पक्की झालेली असते. 'रोलबॅक' दिलं तर काही टेबलांतले बदल मागे घेता आले नाहीत अशी एक वॉर्निंग मिळते, आणि लाईट गेल्यावर रोलबॅक द्यायला प्रोग्राम जिवंतच नसतो. इनोडीबी असतं तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना त्याने अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन स्वतःच पुसून टाकलं असतं.

पुढचा प्रकार सरळ आहे. पट्टी बनवताना तिसऱ्या नोंदीनंतर लाईट गेली : वजनं, पट्टी आणि वळती राहिली, खात्यातली जमा राहून गेली. मशीन सुरू झाल्यावर मुलीने तीच पट्टी नव्याने केली. आता तोच माल आवकेत दोनदा, तीच उचल दोनदा. हे लक्षात आलं की ती आधीची पट्टी रद्द करायची. पट्टी जायची, पण वजनं आणि वळती तशीच राहायची, कारण कॅस्केड करायला फॉरेन की कुठे होती? मायआयसॅम फॉरेन की वाचतं आणि सोडून देतं. तिने केलेली दुरुस्तीही अर्धीच होत होती आणि तिला ते स्क्रीनवर कुठेच दिसत नव्हतं.

टेबलं बदलली कधी?

प्रोग्रामरच्या जुन्या पेन ड्राइव्हवर मूळ स्क्रिप्ट सापडली. त्यातली वळतीच्या टेबलाची व्याख्या, अक्षरं आपल्या लिपीत करून, अशी :

क्रिएट टेबल वळती (
पट्टी_क्र इंट नॉट नल,
रक्कम डेसिमल(12,2) नॉट नल,
चेक (रक्कम > 0),
फॉरेन की (पट्टी_क्र) रेफरन्सेस पट्टी (क्र) ऑन डिलीट कॅस्केड
) इंजिन=इनोडीबी;

दुकानातल्या सर्व्हरला 'शो क्रिएट टेबल' विचारल्यावर जे आलं त्यात दोन रकाने होते, पट्टी_क्र वर एक साधी की होती आणि शेवटी इंजिन=मायआयसॅम. चेक (रक्कम शून्याहून जास्तच हवी ही अट) नाही, फॉरेन की नाही. मी दोन्ही कागदांवर छापून मालकांसमोर शेजारी शेजारी ठेवलं. त्यांना एसक्यूएल येत नाही, पण मागितलं काय आणि मिळालं काय हे त्यांना ओळीगणिक दिसलं.

दुकानाचा पहिला कॉम्प्युटर बिघडल्यावर नवा घेतला होता. तो बसवणाऱ्या तंत्रज्ञाने मायएसक्यूएल 5.5 नेहमीच्या इन्स्टॉलरने न बसवता तयार गठ्ठ्यातून कॉपी केलं. मशीनला रॅम कमी, म्हणून सेटिंगच्या फायलीत 'स्किप-इनोडीबी' अशी ओळ घातली. 5.5 मध्ये इनोडीबी हेच डिफॉल्ट इंजिन असल्यामुळे ते बंद केल्यावर सर्व्हर सुरूच होत नाही, म्हणून दुसरी ओळ घातली : डिफॉल्ट इंजिन मायआयसॅम. सर्व्हर चालू झाला, रॅम वाचली. रॅम वाचवण्यासाठी असं करणं तेव्हा सर्रास होतं, त्याला मी दोष देत नाही.

मग त्याने जुन्या मशीनचा बॅकअप चढवला. बॅकअपच्या फायलीत प्रत्येक टेबलाच्या शेवटी 'इंजिन=इनोडीबी' स्पष्ट लिहिलेलं होतं. सर्व्हरवर इनोडीबी उपलब्ध नव्हतं. तर सर्व्हरने काय करायला हवं होतं? थांबायला हवं होतं. त्याने तसं न करता टेबल मायआयसॅममध्ये बनवलं आणि पुढे गेला. 5.5 मध्ये एसक्यूएल_मोड, म्हणजे सर्व्हरने किती कडक वागायचं ते ठरवणारं सेटिंग, मुळात रिकामा असतो. इंजिन बदलून टाकू नको हे सांगणारा 'नो_इंजिन_सब्स्टिट्यूशन' मोड 5.6 पासून डिफॉल्टमध्ये आला. विंडोजच्या इन्स्टॉलरने बसवलं असतं तर तो मोड सेटिंगच्या फायलीत आपोआप लिहिला गेला असता. गठ्ठ्यातून कॉपी केल्यामुळे तेही राहिलं.

हे सगळं मी वेगळ्या मशीनवर पुन्हा घडवून पाहिलं. तेच व्हर्जन, त्याच दोन ओळी, तीच स्क्रिप्ट. उत्तर आलं : 'क्वेरी ओके, 0 रोज अफेक्टेड, 2 वॉर्निंग्ज'. 'शो वॉर्निंग्ज' दिल्यावर पहिली 1286, इनोडीबी नावाचं इंजिन माहीत नाही. दुसरी 1266, या टेबलासाठी मायआयसॅम वापरतो आहे. फॉरेन की सोडल्याबद्दल एक अक्षर नाही. चेक सोडल्याबद्दलही नाही.

दोन वॉर्निंग्ज तरी मिळाल्या म्हणावं, तर बॅकअपची फाइल चढवताना त्याही दिसत नाहीत. फाइल वळवून क्लायंटला (सर्व्हरला आज्ञा पाठवणाऱ्या प्रोग्रामला) दिली की तो वॉर्निंग्ज छापत नाही. त्या हव्या असतील तर 'शो-वॉर्निंग्ज' हा पर्याय मुद्दाम लावावा लागतो. तंत्रज्ञाला काळ्या पडद्यावर एकही एरर न येता काम संपलेलं दिसलं. त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने मशीन बंद करून चहा घेतला असता.

खरं नुकसान त्यानंतर झालं. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम सर्व्हरवर जे आहे ते लिहितो, कधीकाळी जे मागितलं होतं ते त्याला माहीत नसतं. त्या दिवसानंतरच्या प्रत्येक बॅकअपमध्ये 'इंजिन=मायआयसॅम' आहे आणि फॉरेन की नाहीत. तो बॅकअप उद्या अगदी नव्या, कडक सेटिंगच्या सर्व्हरवर चढवला तरी तक्रार येणार नाही, कारण मायआयसॅम मागणं हा काही गुन्हा नाही. ती पेन ड्राइव्ह हरवली असती तर दुकानात मूळ रचनेचा एकही पुरावा उरला नसता.

चेकची गोष्ट तर याहून जुनी. मायएसक्यूएलमध्ये चेक ही अट 8.0.16 येईपर्यंत, म्हणजे 2019 पर्यंत, कुठल्याही इंजिनवर पाळली जात नव्हती. लिहायला परवानगी होती, पाळणं नव्हतं. त्यामुळे ती पहिल्या मशीनवर इनोडीबी असतानाही नव्हती. बारदाना चुकीचा टाकल्यामुळे निव्वळ वजन उणे झालेल्या काही ओळी अगदी जुन्या हंगामांतल्या निघाल्या, त्या याच वाटेने आत आल्या होत्या. रकान्याच्या ओळीतच लिहिलेलं 'रेफरन्सेस'ही असंच इनोडीबीवरसुद्धा गपचूप सोडलं जायचं. ते पाळायला सुरुवात 9.0 मध्ये, 2024 साली झाली.

असं का बनवलं असावं?

मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये याचं कारण उघड दिलेलं होतं : दुसऱ्या डेटाबेसमधून आणलेली स्क्रिप्ट अडू नये. शिवाय सर्व्हरची रचनाच अशी की आज्ञा वाचणारा भाग वर आणि इंजिनं खाली. एखादा पर्याय आत्ताच्या इंजिनला लागू नसला तरी तो टेबलाच्या व्याख्येत लक्षात ठेवला जातो, म्हणजे उद्या 'ऑल्टर टेबल'ने इंजिन बदललं तर तो लागू करता येईल. विचार म्हणून हे चुकीचं नाही. 'पॅक_कीज' किंवा 'डिले_की_राइट' हे मायआयसॅमचे पर्याय इनोडीबीच्या टेबलावर लिहिले आणि ते बाजूला पडले, तर कुणाचं काय बिघडतं?

'रो_फॉरमॅट'चंही (ओळ डिस्कवर कशी मांडायची त्या पर्यायाचंही) तसंच. इनोडीबीला न चालणारा फॉरमॅट मागितला आणि 'इनोडीबी_स्ट्रिक्ट_मोड' बंद असला, तर तो वॉर्निंग देऊन आपला नेहमीचा फॉरमॅट वापरतो. हा मोड 5.7 पासून मुळातच चालू असतो. यातली एक खोच ध्यानात ठेवण्यासारखी आहे : इथे 'शो क्रिएट टेबल' तुम्ही मागितलेला फॉरमॅट दाखवतं, प्रत्यक्षातला नाही. खरा फॉरमॅट 'शो टेबल स्टेटस'च्या रो_फॉरमॅट रकान्यात असतो. इंजिनाच्या बाबतीत 'शो क्रिएट टेबल' खरं बोलतं आणि मागणी विसरतं, फॉरमॅटच्या बाबतीत मागणी सांगतं आणि खरं लपवतं. एकाच आज्ञेवर दोन्हीकडे विसंबता येत नाही.

पण रो_फॉरमॅट चुकला तर डिस्कवर जागा जास्त जाईल, एखादा रिपोर्ट हळू चालेल. फॉरेन की, चेक आणि ट्रान्झॅक्शन देणारं इंजिन यांची जात वेगळी आहे. ही वचनं आहेत. यांच्यावर विसंबून प्रोग्रामर बाकीचा कोड लिहितो, आणि मुद्दाम कमी लिहितो, कारण डेटाबेस बघून घेईल असं त्याने गृहीत धरलेलं असतं. आपल्या प्रोग्रामरने पट्टीखालच्या ओळी हाताने पुसल्या नाहीत ते आळसाने नव्हे, कॅस्केडच्या भरवशावर. वेगाचे आणि जागेचे पर्याय ज्या सैलपणाने घेतले, त्याच सैलपणाने हिशोबाच्या खरेपणाचे पर्याय घेणं ही माझ्या मते गंभीर चूक होती. मोठ्या कंपनीत वॉर्निंग वाचायला माणूस असतो, मोंढ्यातल्या दुकानात नसतो. तिथे त्या वॉर्निंगची किंमत एका पगारदार मुलीच्या अब्रूने मोजायची वेळ आली होती.

बाकीच्या डेटाबेसकडेही थोडं पाहू. पोस्टग्रेसला टेबल बनवताना अनोळखी पॅरामीटर दिला तर तो एरर देऊन थांबतो. मारियाडीबी अनोळखी पर्यायाला एररच देतं, पण 'इग्नोर_बॅड_टेबल_ऑप्शन्स' मोड लावला की वॉर्निंगवर भागवतं. चेक मात्र तिथे 10.2 पासूनच पाळला जातो. एसक्यूलाइट रकान्याच्या प्रकाराच्या जागी जवळपास कुठलंही नाव चालवून घेतं आणि फॉरेन की प्रत्येक कनेक्शनवर 'प्रॅग्मा' या सेटिंगच्या आज्ञेने चालू करावी लागते. त्या प्रॅग्माचं स्पेलिंग चुकलं तर कुठलीच एरर येत नाही. रकान्याचा प्रकार पाळायला लावणाऱ्या कडक टेबलाची सोय तिथे 3.37 मध्ये, 2021 साली आली. मोबाइल ॲप बनवणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

दुरुस्ती

मालकांना आधी दोन कागद आणि पुन्हा घडवलेला प्रयोग दाखवला. त्यांनी त्याच दिवशी मुनीमकाकांसमोर आणि इतर हमाल-मापाड्यांसमोर मुलीला सांगितलं की चूक तुझी नव्हती. माझ्या दृष्टीने हे काम सर्व्हरच्या आधीचं होतं.

नव्या मशीनवर मायएसक्यूएल 8.0 घेतलं. त्यात इनोडीबी बंद करताच येत नाही. सेटिंगमध्ये 'डिसेबल्ड_स्टोरेज_इंजिन्स'मध्ये मायआयसॅम टाकलं. पण एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हे मुद्दाम सांगतो. बॅकअपची डंप फाइल उघडून पहिल्या ओळी वाचा : ती चढताना स्वतःचा एसक्यूएल_मोड लावते आणि फॉरेन कीची तपासणी बंद करते. म्हणजे सर्व्हरवर लावलेला कडक मोड नेमक्या बॅकअप चढवण्याच्या वेळी लागू नसतो. म्हणून टेबलं बॅकअपमधून घेतलीच नाहीत. ती मूळ स्क्रिप्टमधून, फॉरेन की आणि चेक सोडून, आधी बनवली. मग बॅकअपमधला फक्त डेटा चढवला. त्यानंतर लेफ्ट जॉइन लावून अनाथ ओळी काढल्या : ज्या वळतीला पट्टी नाही, ज्या वजनाला पट्टी नाही. ज्या पट्टीची खात्यात जमा नाही त्यांची यादी वेगळी काढली, कारण तिथे पट्टी जागेवर असते आणि कुठलीही फॉरेन की ती पकडत नाही.

या याद्या मुनीमकाकांनी कच्च्या वहीशी आणि काट्याच्या वहीशी ताडून पाहिल्या. त्यांनी हाताने वही लिहिणं कधी सोडलं नव्हतं, म्हणून हे शक्य झालं. वहीत होतं ते राहिलं, नव्हतं ते काढलं, दोनदा कापलेली उचल शेतकऱ्यांच्या खात्यात परत जमा केली. जिथे वही आणि कॉम्प्युटर दोन्हींतून काही कळेना, तिथे शेतकऱ्याच्या हातची पट्टी प्रमाण मानायचं मालकांनी ठरवलं. औशाच्या काकांचे पैसे पहिल्या फेरीतच गेले.

शेवटी, तपासणी चालू ठेवून, फॉरेन की आणि चेक एकेक करून जोडले. ओळ शिल्लक असेल तर फॉरेन की 1452 ची एरर देते आणि चेक 3819 ची. दोन्ही एकेकदा आल्या, दोन्ही वेळा यादीतून निसटलेली ओळ सापडली. हा थांबणारा सर्व्हर बघून मला मनापासून बरं वाटलं.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर 'इन्फर्मेशन_स्कीमा'तल्या (सर्व्हर टेबलांबद्दलची माहिती ठेवतो त्या जागेतल्या) 'टेबल्स'मधून आपल्या डेटाबेसची टेबलं आणि त्यांची इंजिनं काढा, 'टेबल_कन्स्ट्रेंट्स'मधून फॉरेन कींची यादी काढा आणि ती मूळ स्क्रिप्टशी ताडून पाहा. मूळ स्क्रिप्ट नसेल तर आज ज्या व्याख्या हव्या आहेत त्या लिहून वेगळ्या ठेवा. रोजचा बॅकअप त्यांची जागा घेत नाही.

त्या प्रोग्रामरचं हेच सॉफ्टवेअर बाजारातल्या आणखी काही दुकानांत आणि उदगीरच्या एका आडतीत चालतं. हैदराबादहून रजा काढून तो आला आणि ही तपासणी त्याने स्वतः प्रत्येक ठिकाणी केली. ज्या दुकानांत कॉम्प्युटर बदलून बॅकअप चढवला होता, त्यांपैकी दोन ठिकाणी टेबलं मायआयसॅम निघाली आणि तिथेही वळतीच्या अनाथ ओळी होत्या. उदगीरला मशीन पहिल्यापासून तेच आहे. तिथली चारही टेबलं इनोडीबी होती, फॉरेन की जागेवर होत्या, आणि अनाथ ओळ एकही नव्हती.